तळहातावरचं चाटण

मुलुंडच्या आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीतले गृहस्थ घरी केलेलं आवळ्याचं चाटण विकायचे. गॅलरीतून जाणाऱ्याला थांबवून आधी तळहातावर चमचाभर ठेवायचे आणि मगच बोलायचे, "चाटा वहिनी. रक्त वाढतं, खोकला मुळासकट जातो." त्या ठामपणाचा मला राग यायचा, तरी हात पुढे व्हायचाच.

मग त्यांची बायको खोकू लागली. थुंकीतून रक्त पडू लागलं. क्षयावर सुया निघाल्या होत्या तेव्हा. "इस्पितळात न्या हो तिला," मी त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं.

"घरात औषध असताना?" ते म्हणाले. त्यात खोटेपणा नव्हता. रोज सकाळी स्वतःच्या हातानं तिला चाटवत होते. पावसाळा संपता संपता ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर ते पुन्हा बरणी घेऊन गॅलरीत बसले. माझा राग गेला नव्हता. आता काय बोलतात ते ऐकायला मी मुद्दाम हात पुढे केला. त्यांनी नेहमीसारखा चमचा तळहातावर टेकवला.

"रक्त..." म्हणाले आणि थांबले. बरणीचं झाकण लावत राहिले.

"चवीला गोड आहे, वहिनी," ते म्हणाले. "एवढंच."