सात कुठी गेला?

आज सकाळी सुनेनं अंगणात शेणाचा सडा टाकला अन् त्या ओल्या वासासंगं मले भातकुली गावातलं आमचं जुनं अंगण आठवलं. तवा इंग्रजाचं राज होतं. आमच्या लग्नाले महिनाही झाला नव्हता.

बायको अमरावतीच्या मास्तराची लेक. मी दुसरी नापास, पण पाढे तोंडपाठ. त्या दिवशी तिनं उंबऱ्यापुढं रांगोळीनं गोलात आकडे मांडले होते : १४२८५७. माय माझ्या कानाशी लागली, "करणी असन हे. माहेरी धाड तिले."

मलेही तसंच वाटलं. "काय वं हे?"

"हा आकडा मोडत नाही. दोननं गुणून तं पाहा."

मी कोळशानं भिंतीवर गुणलं. आकडे तेच सहा, फक्त जागा बदललेल्या. तीननं गुणलं, तरी तेच. माझा संशय अजूनच वाढला. लबाडी पकडाले मी एकदम आठनं गुणलं. आले ११४२८५६.

"सात कुठी गेला?" मी ओरडलो.

"आवो, फुटला तो," ती हसली. "एक पुढं गेला, सहा मांगं राह्यले. झाले ना सात?"

मायही हसली. माहेरी धाडाची गोष्ट तिथंच संपली.

मागच्या महिन्यात बायको गेली. जेवाले सात ताटं लागत, आता सून सहाच मांडते. रांगोळीतल्या त्या आकड्यावरचा माझा संशय काही अजून जात नाही.