खडीसाखरेचं पाणी

नातीच्या हृदयाला भोक आहे हे कळलं तेव्हा ती पाच दिवसांची होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं आणि मी चित्राऐवजी डॉक्टरांच्या वयाकडे बघत बसले. माझ्या मुलाहून लहान दिसत होते. हे काय सांगणार आम्हाला, असंच आधी मनात आलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. समोरचा चुकणारच हे धरूनच मी तोंड उघडते.

शस्त्रक्रिया लगेच होणार नव्हती. लेकरू जेमतेम अडीच किलोचं. साडेतीन किलो भरलं की तारीख देतो, तोवर वजन वाढवा, असं ठरलं. ऐकायला किती सोपं! अशा बाळाला दूध ओढणं म्हणजे आपल्याला भरल्या बादल्या घेऊन जिना चढणं. चार घोट घेतले की कपाळावर घाम, नाकपुड्या फुललेल्या, श्वास भराभर. म्हणून नियम असा, की वीस मिनिटांच्या वर पाजायचं नाही. उरलेलं नाकातल्या नळीने सोडायचं. आईचं काढलेलं दूध, त्यात डब्यातली पावडर, सपाट चमच्याने मोजून. दूध कमी पडलं तर नुसती पावडर पाण्यात कालवायची, तीही मोजून. दिवसाचं एकूण माप ठरलेलं. त्यावर एक थेंबही नाही, कारण जादा पाणी त्या हृदयाला झेपत नाही. हे सगळं सांगितलं तेव्हा मी सुनेच्या शेजारच्याच खुर्चीत होते. माझे कान चांगले आहेत.

सून पुण्याची, संगणकाच्या नोकरीतली. आम्ही निजामाच्या काळापासूनचे हैदराबादी, आमच्या मराठीत उर्दू-तेलुगू सगळं कालवलेलं. मी ‘हल्लू चल’ म्हटलं की तिला हसू यायचं, आणि तिचं प्रत्येक वाक्यातलं ‘ॲक्च्युअली’ ऐकून माझं कपाळ दुखायचं. तरी आमचं बरं चाललं होतं. बिघडलं ते त्या वीस मिनिटांवरून. ती मोबाइलवर वेळ लावायची, आणि तो वाजला की बाटली काढून घ्यायची. लेकरू रिकाम्या तोंडाने चोखत राहायचं.

“अगं, लेकरू तोंड हलवायलंय अन् तू घड्याळ बघायलीस?”

“आई, वीस मिनिटं झाली. उरलेलं नळीने देते ना.”

“घड्याळाने पोट भरतं होय?”

“धाप लागून तरी भरतं का?” ती ताडकन म्हणायची. नळीच्या टोकाला पिचकारी लावून दूध उतरेपर्यंत हात वर धरून बसायची. मुलाला सांगावं तर तो ऑफिसातून उंटावरून शेळ्या हाकायचा. म्हणे, तुम्ही दोघी बघा.

शेजारणी यायच्या, पाळण्यात वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “अजून बाळसं नाही धरलं वाटतं.” हे मला फार लागायचं. माझ्या दोन्ही पोरांच्या मांड्यांना वळ्या पडायच्या. चिक्कडपल्लीला माहेरी गेले की बायका मुद्दाम बघायला यायच्या. आणि माझ्याच घरातलं हे लेकरू काड्यांसारखे पाय घेऊन पडलेलं. दुखणं हृदयाचं आहे हे मला पाठ होतं, पण मनात मी ते सुनेच्या खात्यावर मांडत होते.

मे उजाडला. नल्लकुंट्यात आमचं घर वरच्या मजल्यावर. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो. सून दुपारी दूध काढून ठेवायची आणि दोन तास झोपायची. तेवढा वेळ बाळ माझ्याजवळ. ओठ सुकलेले दिसायचे. माझ्या आईने आम्हाला, मी माझ्या पोरांना, उन्हाळ्यात चमच्याने पाणी पाजलं आहे, कुणाला काही झालं नाही. मी पाणी उकळलं, गार केलं, खडीसाखरेचा खडा विरघळवला आणि तीन चमचे पाजलं. तिने गटागट घेतलं. घाम नाही, धाप नाही. घेऊन शांत झोपली. मला वाटलं, जिंकले.

दुसऱ्या दिवशी सहा चमचे झाले. चौथ्या दिवसापासून अर्धी वाटी. सुनेला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आठवड्यात बाळाचे गाल वर आले, पावलं गुबगुबीत झाली. घरच्या काट्यावर वजन एकदम वाढलेलं दिसलं. सुनेने पुण्याला फोन करून स्वतःच्या आईला रडत सांगितलं, “अगं, अंगी लागतंय गं तिला!” दवाखान्यात वजन कळवलं, साडेतीनला थोडंच कमी होतं, आणि पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. मी सुलतान बाजारात जाऊन एक माप मोठी झबली घेऊन आले. मुलाला सुनावलंसुद्धा, “लेकरं घड्याळाने वाढत नसतात.” सून शेजारीच होती. ती हसली. त्या दिवशी तिला माझं काहीही खपलं असतं.

नवव्या दिवशी सकाळी बाळ दुधाला उठेना. पापण्या सुजलेल्या, श्वास कुत्र्याच्या पिल्लासारखा. तशीच उचलून दवाखान्यात नेली. तिथल्या नर्सने तिचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. हळूहळू भरला. मला कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ते बाळसं नव्हतं, पाणी होतं.

सुनेला तेलुगू येत नाही. दवाखान्यात नर्स काही बोलली की मी तिला मराठीत सांगायची, तिचं म्हणणं मी तेलुगूत पोचवायची, हे पहिल्यापासून चालत आलेलं. नर्सने माझ्याकडे बघून विचारलं, “अम्मा, पापकि नीळ्ळु पट्टारा?” बाळाला पाणी पाजलंत का?

मी म्हटलं, “लेदम्मा.” नाही. आणि एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पुढे मी तेलुगूतच म्हटलं, की दूध आणि पावडर सून कालवते, मापाचं तिलाच विचारा.

“काय म्हणतात त्या?” सुनेने विचारलं.

“पावडर नीट कालवतेस का, ते विचारायल्यात.”

नर्सने लिहून घेतलं. डॉक्टरांनी ते वाचलं. बाळाच्या रक्तातलं मीठ उतरलंय, ते म्हणाले, अंगात पाणी साचलंय; पावडरीत पाणी जास्त पडत होतं का? हे त्यांनी इंग्रजीत आणि अगदी नरमाईने विचारलं. सून तीन महिने सलग तीन तास झोपलेली नव्हती. तिने डब्याचं माप आठवायचा प्रयत्न केला. ओठ हलवत चमचे मोजले. मग म्हणाली, “पडलं असेल. मला नक्की आठवत नाही. कधी झोपेत मोजताना चुकले असेन.” आणि कोसळलीच. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, फिरवला.

तारीख रद्द झाली. लेकरू अतिदक्षता विभागात, नळ्यांच्या जाळ्यात. डॉक्टर वाचण्याची खात्री देईनात. संध्याकाळी मुलगा धावत आला, सगळं ऐकलं आणि बायकोला म्हणाला, “एवढं एकच तर काम होतं तुला.” बोलायची वेळ असेल तर ती होती. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मी पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला नुसतं खवखवलं नाही, मला स्वतःची शिसारी आली, आणि शिसारी येऊनही मी गप्पच राहिले. पुढे जसजसा काळ गेला तसतसं सांगणं अवघड होत गेलं. आज मी हे लिहिते आहे. मुलाला मराठी धड वाचता येत नाही. सुनेला येतं.

लेकराने तग धरला. अंगातलं पाणी उतरल्यावर तिचं खरं वजन दिसलं, ते तीन किलोच्या आतच होतं. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा नळी. दोन महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली, भोक बुजवलं. आता ती चार वर्षांची आहे, तुरुतुरु चालते, माझ्याशी तेलुगूत भांडते. देवाची कृपा, असं सगळे म्हणतात. मीही म्हणते.

सुनेचं मात्र काहीतरी कायमचं मोडलं. भाजीत मीठ घातलं की मला चाखायला लावते. कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजते. नातीला तापाचं औषध द्यायचं तर नवऱ्याला दोनदा माप बघायला सांगते, आणि तो वैतागतो. पूर्वीची ती ताडताड उत्तर देणारी पोर कुठे गेली, असं तो मलाच विचारतो.

यंदा तिला दुसरं झालं. मुलगा, ठणठणीत. चौथ्या महिन्यात तिचं दूध कमी पडायला लागलं, तेव्हा डॉक्टरांनी पावडर सुरू करायला सांगितली. ती नवा डबा घेऊन स्वयंपाकघरात आली, माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

“आई, ह्याचं दूध तुम्हीच कालवत जा. माझ्या हाताचा मला भरवसा नाही. पहिलीच्या वेळी तुम्ही होतात म्हणून ती वाचली.”

“अगं, तुझा हात...” मी म्हटलं.

“काय?”

“काही नाही. आण तो डबा इकडे.”