मागच्या टायरची हवा

नथ्थूभाऊंच्या बॅटरीच्या सायकलीचा मागचा टायर झिजला, आणि मंगरूळपीरला जिनेशच्या दुकानात त्यांचं डोकं पार गरगरलं. आजवर टायर म्हणजे टायर, एवढंच त्यांना ठाऊक. मळ्यातली मेथी-वांगी बजारात पोचली म्हणजे झालं. इथं जिनेशनं दोन टायर पुढ्यात टाकले.

"रुंद घेतला त वजन झेलते, पण बॅटरी लवकर उतरते. अरुंद हलका पळते, पण त्याले हवा कडक लागते. मांगं वजन किती राह्यते, काका?"

आता हे काय सांगावं? जाताना मागे भाजी असते. येताना माल खपला असेल तर बायको, गोजराबाई, मागे बसते. नाही खपला तर उरलेली भाजी बसते अन् गोजराबाई पायी येते. मळा काही जवळ नाही.

"हवा सकाळी भरा लागते, बजार संध्याकाळी समजते," नथ्थूभाऊ म्हणाले. "मी कसा सांगू?"

त्यांनी वांगं दाबून पाहावं तसा रुंद टायर दाबला, मग अरुंद दाबला, मग पुन्हा रुंद. दोन्ही सारखेच लागले.

जिनेश हसला. "काकू बसल्या का भाजी बसली, टायरले काय फरक पडते?"

"टायरले नाही पडत," इतका वेळ पायरीवर बसलेली गोजराबाई उठत म्हणाली. "मले पडते. रुंद टायर टाका, अन् भाजीसंगं माह्यंही वजन धरून हवा भरा."