चौकटीपुरता परीक्षक

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर माझा सांगायचा धीर सुटेल. माती मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी खाल्लीय. पण मुलुंडला आमच्या वाचनालयात, भरल्या सभागृहात, हातात माईक धरून जी खाल्ली ना... तिची चव अजून जिभेवर आहे!

मी विमा कंपनीतून रिटायर झालो त्याला तीन वर्षं झाली. आमच्याकडे रिटायर माणसाला दोन धोके. लोक त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करतात, नाहीतर कशाचा तरी परीक्षक. सेक्रेटरीपदातून मी पाठदुखी सांगून सुटलो. परीक्षकपदात अडकलो.

वाचनालयाच्या कार्यवाह प्रधानबाई एक दिवस सकाळी घरी आल्या आणि पिशवीतून दोन पुस्तकं काढून टीपॉयवर ठेवली.

"सबनीस, यंदा आपण सल्ल्याच्या पुस्तकांना पुरस्कार देतोय. देवधर्म, संसार, बाईने कसं वागावं, पुरुषाने कसं वागावं. लोक सध्या हीच नेतात हो, कादंबऱ्यांवर धूळ बसलीय! शेवटी ही दोन उरलीत. एक निवडायचं आणि कार्यक्रमात दहा मिनिटं बोलायचं. तुमच्यासारखा पुरोगामी माणूस हवा होता."

पुरोगामी! अहो, विरघळलोच मी. लगेच आत हाक मारली, "वैजू, प्रधानबाईंना चहा टाक गं!"

हो, हो, कळलं. तुम्ही का हसताय ते कळलं मला. त्या दिवशी नव्हतं कळलं.

पहिलं पुस्तक, 'तेवती समई, सुखी संसार'. लेखिका कुणी कुमुदिनीबाई. मुखपृष्ठावर समई, समईसमोर हात जोडलेली नऊवारीतली बाई. दुसरं, 'ती लीडर, तो पार्टनर'. लेखक विश्वजीत सर, शिबिरं घेणारे. मुखपृष्ठावर लॅपटॉपवाली मुलगी आणि पाठीमागे तिचा नवरा, हातात झारा! आता सांगा, निकाल लावायला आणखी काय हवं? मी तर प्रधानबाई लिफ्टमध्ये शिरायच्या आत लावला होता.

तरी प्रामाणिकपणे सांगतो, समईचं पुस्तक मी उघडलं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला उजव्या पानावर ठळक अक्षरांत एक चौकट होती. फक्त चौकट, खाली पान कोरं. 'बाईने नवऱ्याआधी जेवू नये, अन्नपूर्णा कोपते.' पुढची चौकट, 'बाईचा देव घरातच असतो, तिने तो देवळात शोधू नये.' अशा बारा चौकटी. माझं डोकंच फिरलं! बाराच्या बारा वहीत उतरवल्या आणि पुस्तक मिटलं. लीडरची प्रस्तावना वाचली, अनुक्रमणिका चाळली. झकास वाटलं.

दोन्ही पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली ती वैजूने. दुपारची भांडी आवरली की बाल्कनीत बसायची.

एकदा म्हणाली, "अहो, ते समईचं पुस्तक आहे ना, त्यात ती बाई—"

"वैजू," मी म्हटलं, "परीक्षकाशी चर्चा करायची नसते. आणि त्यामागचं राजकारण तुला नाही कळायचं."

ती गप्प बसली. वैजू मालवणची. ती गप्प बसली की माणसाने घाबरायला हवं. मी भाषण लिहायला बसलो.

कार्यक्रमाच्या दिवशी मी खादीचा झब्बा घातला. सभागृहाच्या दाराशी एक आजी खुर्ची धरून उभ्या होत्या. सत्तरी कधीच ओलांडलेली, साधी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी.

"तुम्हीच परीक्षक ना?" त्यांनी विचारलं. "कसं वाटलं हो समईचं पुस्तक?"

मी आवाज खाली आणला. "आजी, तुमच्या पिढीला आवडेल. पण आज त्याची सालटी निघणार आहेत. पुढे बसा, मजा येईल."

"बसते की," आजी म्हणाल्या आणि खरोखरच पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

मंचावर प्रधानबाई, मी आणि मधे शाल-श्रीफळाचं तबक, शेजारी ती दोन पुस्तकं. लेखकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. विश्वजीत सर ब्लेझर घालून आले होते आणि त्यांच्या शिबिरातली पंचवीस-तीस माणसं मागे बसली होती. कुमुदिनीबाई कोण, ते विचारायचं मला सुचलंच नाही. वैजू तिसऱ्या रांगेत, पंख्याखाली.

मी माईक हातात घेतला आणि सुटलो!

"मित्रहो, या समईच्या उजेडात मला अंधार दिसला!"

टाळ्या. विश्वजीत सरांची माणसं टाळ्या वाजवण्यात तरबेज. मी पहिली चौकट वाचली, मग दुसरी. "ही लेखिका कोणत्या शतकात राहते? हिने कधी स्वतःचं डोकं वापरलंय का?" आणखी टाळ्या. पण गंमत अशी की, टाळ्या फक्त उजवीकडून येत होत्या. डावीकडे वाचनालयाच्या नेहमीच्या बायका बसल्या होत्या, त्या माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एकही हात हलेना. प्रधानबाई खुर्चीत चुळबुळ करायला लागल्या.

मी मनात म्हटलं, बायकांना अंतर्मुख केलं आपण!

तेवढ्यात वैजूकडे लक्ष गेलं. ती हाताचा पंजा पालथा-सुलटा करत होती. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, पंख्याचं काहीतरी म्हणतेय. मी माईकवरूनच सांगितलं, "जरा पंखा वाढवा हो तिथे!" कोणीतरी वाढवला. वैजूने कपाळावर हात मारला.

मी तिसरी चौकट घेतली. मग चौथी. घशाला कोरड पडली म्हणून पाणी प्यायलो, तर प्रधानबाईंनी माझ्यासमोर एक चिठ्ठी सरकवली. वैजूचं अक्षर. दोनच शब्द, 'पान उलटा'.

आता तुम्हीच सांगा, भाषण करणाऱ्या माणसाला 'पान उलटा' म्हटलं की तो काय करेल? मी भाषणाचं पान उलटलं! आणि वाट लागली, कारण दुसऱ्या पानावर मी सगळ्यात जहरी वाक्यं राखून ठेवली होती.

"अशी बाई जर कुणाची आई असेल," मी गरजलो, "तर त्या मुलीची मला कीव येते!"

विश्वजीत सरांच्या माणसांचेसुद्धा हात अर्ध्यावर थांबले. आणि पहिल्या रांगेतल्या आजी खुर्चीचा हात धरून सावकाश उठल्या.

"सबनीस, मी कुमुदिनी."

दाराशी काय बोललो होतो ते सगळं, शब्दन् शब्द, कानात वाजायला लागलं. सालटी निघणार आहेत म्हणालो होतो मी! पुढे बसा म्हणालो होतो!

"रागावले नाहीये," त्या म्हणाल्या. पण आवाज कापत होता. "फक्त एक करा. दुसरी चौकट तुम्ही वाचलीत ना, देवळाची? तिचं पान उलटा आणि मागे काय छापलंय तेही वाचा. माईकवर."

माझी बोटं इतकी ओली झाली होती की पान सुटेना. शेवटी सुटलं. मी वाचायला लागलो.

"'हे मला सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी बावीस वर्षं ऐकलं. मग एका सोमवारी मनात आलं, देव घरातच असेल तर यजमान दर सोमवारी देवळात कुणाला भेटायला जातात? त्या दिवशी मी पायात चपला घातल्या.'"

डावीकडच्या बायका हसल्या. माझ्यावर नाही, त्या चपलांवर. मग अख्खं सभागृह हसलं. मी पहिल्या चौकटीचं पान उलटलं. तिथेही तेच. बाई चौकटीत लोकांचं म्हणणं मांडत होती आणि मागच्या पानावर ते सोलून काढत होती. बाराच्या बारा! मी महिनाभर तिच्या सासूबाईंशी भांडत होतो हो!

"माझे यजमानही नेमके तिथेच थांबले," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "चौकटी वाचल्या आणि चारचौघांत सांगत सुटले, बघा, माझी बायको किती संस्कारी! त्यांना मी कधी सांगितलंच नाही. पण तुम्ही परीक्षक आहात ना हो?"

तेवढ्यात डावीकडून एक बाई उठल्या. "सबनीस काका, दुसऱ्या पुस्तकाचं एकोणनव्वदावं पान वाचा ना."

आता कशाला ते! पण वाचलं. "'घरातले निर्णय दोघांनी मिळून घ्यावेत. शेवटचा शब्द मात्र त्याचा असावा, कारण गाडीला स्टिअरिंग एकच असतं.'"

"मग? बरोबरच आहे," विश्वजीत सर बसल्या जागेवरून म्हणाले. डावीकडे असा काही गलका झाला की प्रधानबाईंना घंटा वाजवावी लागली.

आणि माझ्या झब्ब्याच्या खिशात पाकीट. पाकिटात माझ्या सहीने विजेत्याचं नाव. विश्वजीत सरांचं!

"निकाल जाहीर करा," प्रधानबाई पुटपुटल्या. चेहरा असा की पुढच्या वर्षी माझ्या वाचनालयाच्या कार्डाचंही काही खरं नाही.

मी वैजूकडे बघितलं. अगदी केविलवाणं बघितलं. माईक बाजूला धरून म्हटलं, "वैजू, वर ये ना जरा."

"माका मधी घालू नका," ती तिसऱ्या रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुमचो घोळ, तुमीच निस्तरा!"

झालं. एकटा उरलो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला कुठून तरी अक्कल आली. निदान मला तसं वाटलं. मी पाकीट बाहेर काढलं, सगळ्यांसमोर फाडलं आणि म्हणालो,

"कुमुदिनीताई, मला माफ करा. मी तुमचं पुस्तक वाचलं नाही. दुसरंही वाचलं नाही. माझ्या बायकोने दोन्ही वाचली, ती मला सांगायला आली आणि मी तिला गप्प केलं. समानतेवर भाषण लिहायचं होतं म्हणून गप्प केलं!"

मी झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसले. खोटं नाही सांगत, खरंच पुसले.

"म्हणून आज निकाल माझा नाही. निकाल माझ्या पत्नीचा, वैजयंतीचा! यंदाचा पुरस्कार 'तेवती समई'ला!"

मीच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागलो. मग काय, सगळं सभागृह उठलं! बायका वैजूभोवती जमल्या. कुमुदिनीबाईंनी शाल घेतली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बसा आता. पाणी प्या." विश्वजीत सर आपली माणसं घेऊन निघून गेले.

माणसाला एवढं शहाणपण एका दिवसात यावं! घरी चालत निघालो तेव्हा मी अर्धा फूट हवेत होतो. पुस्तकांची पिशवीसुद्धा मीच घेतली होती. वैजू मात्र दोन पावलं पुढे चालत होती.

"काय गं, आता तरी खूश? भरल्या सभेत तुझ्या मताला मान दिला मी!"

वैजू थांबली. रस्त्याच्या कडेला, मेडिकलच्या दुकानासमोर.

"माझ्या कुठल्या मताला?"

"हेच, समईचं पुस्तक चांगलं आहे."

"असं मी कधी म्हटलं?"

मी आठवायला लागलो.

"सुरुवातीची प्रकरणं चांगली आहेत," ती म्हणाली. "पण शेवटी बाई सुनेला सांगते, उपास कर, बीपी जाईल, गोळ्यांची गरज नाही. तेच तुम्हाला सांगायला आले होते मी. मला विचारलं असतंत तर म्हटलं असतं, यंदा कुणालाच देऊ नका."

"अगं, मग चिठ्ठीत 'पान उलटा' कशाला लिहिलंस?"

"वाचावं म्हणून. जिंकावं म्हणून नाही."

"मग तिथे बोलली का नाहीस, बाई? माझ्या तोंडून तुझं नाव ऐकलंस, तेव्हाच सांगायचंस ना!"

"सांगायला उभीसुद्धा राहिले होते," वैजू म्हणाली आणि माझ्या हातातून पिशवी काढून घेतली. "पण तोवर तुम्ही टाळ्या सुरू केल्या होत्यात."