चालू यंत्राची वायर

वडिलांचा उजवा हात लकव्यात गेला तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून मी नांदेडला आले. घरात आम्ही दोघंच. माझ्या कामाची एकच कंपनी इथं सापडली, दोन खोल्यांची, सोयाबीनचा ओलावा मोजणारं यंत्र बनवणारी. ते लॅपटॉपला जोडायचं तर मधे ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम लागतो, तो मी लिहिला. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत दुकानात चाचणी होती. ती फसली तर हे काम बंद, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणजे मला परत पुणं, आणि वडिलांना घास भरवायला कोणी नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं.

ड्रायव्हरचं काम सांगायला सोपं. तो आधी कर्नेलकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रामकडे, नाव नोंदवतो: अमुक यंत्र आलं तर मला हाक मारा. वायर लागली की हाक येते. मग मेमरीत जागा घ्यायची, दर क्षणाला त्या जागेत माप लिहिणारा टायमर लावायचा, यंत्राची नोंद करायची. वायर निघाली की हेच सगळं उलट्या क्रमाने आवरायचं. माझ्या टेबलावर ते शंभरदा जमलं होतं.

लातूरला लॅपटॉप तिसऱ्यांदा गोठल्याचा फोन आला, तेव्हा दुसऱ्या दिवशी मी तिकडची पहाटेची गाडी धरली. दुपारी ढग गडगडले मात्र, दुकानात माल तोलणाऱ्या मापाड्याने उठून एकेक वायर उपटायला सुरुवात केली. काटा, पंखा, माझं यंत्रही. स्क्रीन जागच्या जागी थिजली.

"चालू यंत्राची वायर काढता कशी?" मी ओरडले.

"ईज पडायली की ताई. मागं शेजारचा काटा जळाला. काढू न्हाई तर काय करू?"

आमच्या घरीही आई टीव्हीची वायर अशीच काढायची. टेबलावर मात्र मी शहाण्यासारखी आधी मापाचा प्रोग्राम बंद करायचे, की टायमरही थांबायचा, मग वायर काढायचे. पोत्यावर बसून माझाच कोड वाचला आणि कपाळावर हात मारला. आवरताना मी मेमरीतली जागा आधी सोडली होती आणि टायमर नंतर थांबवला होता. मधल्या वेळात टायमर सोडून दिलेल्या जागेत लिहायचा आणि सगळंच बंद पडायचं. दोन ओळी वरखाली केल्या. वीसदा चालू यंत्राची वायर उपटली, एकदाही अडलं नाही. रडकुंडीला येऊन मी दुकानमालक अडत्याला म्हणाले, "दादा, आता बघा."

"बघितलं की ताई. पण सकाळीच तुमच्या साहेबाला फोनवर सांगितलं, मशीन घेऊन जावा म्हणून. शेतकरी लई ताटकळायलेत."

साहेबांना फोन लावला. चूक सापडली, दोनच ओळी होत्या, असं काय काय सांगत राहिले. उशीर झाला, एवढंच ते म्हणाले.

नांदेडला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ताट वाढून वडिलांजवळ बसले, पण चमचा उचलायचा राहूनच गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने चमचा उचलला. अर्धा वरणभात अंगावर सांडला. मी हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"मला जमायलंय," ते म्हणाले. "तू पुण्याला कवा निघायलीस?"