लाल गाडीच्या पोटात

ट्रकतळावर आठवाल्या दादांसमोर निळ्या गाडीचं कौतुक करायचं म्हणजे आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. नवखा ड्रायव्हर आला की कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, बाबा रे, टायरवर बोल, रस्त्यावर बोल, पण त्या विषयाला हात घालू नकोस. तरी एखादा घालायचाच. मग दादा चहाचा कप बंपरवर ठेवायचे आणि बाह्या सरसावायचे.

त्यांची स्वतःची गाडी लाल कंपनीची. इंजिन व्ही-आठ, म्हणजे चार सिलिंडर डावीकडे, चार उजवीकडे, तिरपे; म्हणूनच ते आठवाले दादा. सुरू केलं की तळावरचे पत्रे थरथरायचे. निळ्या कंपनीच्या इंजिनात सिलिंडर सहाच, तेही एका ओळीत.

"तिकिटाच्या रांगेत उभे राहिल्यासारखे," दादा म्हणायचे. "आणि झडपा वेळेवर उघडणारे टायमिंगचे गिअर कुठे, तर मागे. आमच्या लालवाल्यांनी सरळ पुढे ठेवले, हात घातला की सापडतात. यांना फ्लायव्हीलच्या बाजूला नेऊन कोंबायचं सुचलं. उद्या एक दात तुटला तर अख्खा गिअरबॉक्स उतरवा. ज्याने हे डोकं चालवलं त्याने जन्मात पाना हातात धरला नसेल."

"पण दादा, डिझेल कमी खाते."

"आजारी माणूसही कमीच खातो. म्हणून त्याच्या डोक्यावर पोतं देतोस का?"

ऐकणारे हसायचे. खरं सांगायचं तर दादांच्या बोलण्यात निम्मं ज्ञान असायचं आणि निम्मं विष. ज्ञान कुठून आलं ते उघड होतं, सगळी हयात गाडीखाली गेली होती. विष कुठून आलं तेही तळावर सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्यांच्या तोंडावर कुणी बोलत नसे. निळी गाडी त्यांच्या धाकट्या भावाची होती.

दोघा भावांना वडिलांनी एकच आवार ठेवलं होतं आणि एकच लाल गाडी. आळीपाळीने चालवायचे. धाकट्याला स्टिअरिंग धरायला दादांनीच शिकवलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायलाही त्यांनीच शिकवलं. धंदा वाढला तेव्हा दुसरी गाडी घ्यायचं ठरलं. लालच घ्यायची, यात बोलण्यासारखं काय होतं? दादांनी सगळ्या तळाला सांगून टाकलं, आता आमच्या दारात दोन लाल शेजारी शेजारी उभ्या राहणार. आवारात नव्या गाडीच्या जागेवर चुन्याच्या रेघाही मारून ठेवल्या. मग ते लांबच्या फेरीला गेले.

परत आले तर त्या रेघांच्या आत निळी गाडी उभी. धाकटा हात पुसत बाहेर आला. "दादा, सगळा विचार करून घेतली रे. चढावर थोडी कमी पडेल, पण एकूण..."

"ही माझ्या दारात नको," दादा म्हणाले. त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तळावर एकाने विचारलं, "दादा, दोन लाल ना? एक धुतली आणि निळी निघाली का?" सगळा तळ खदखदून हसला. आता बघा, माणूस भावाला क्षमा करतो, हो, उशिरा का होईना करतो. पण ते हसू दादांच्या काळजात जे रुतलं ते रुतलंच. त्या आठवड्यात आवाराच्या मधोमध सिमेंटच्या विटांची भिंत उभी राहिली. एका बाजूला लाल, एका बाजूला निळी. दादांनी मनाशी ठरवलं, धाकट्याने समोर येऊन "चुकलो" म्हणावं, मग बघू. धाकटा काही आला नाही. तोही त्याच बापाचा मुलगा.

अशी कित्येक वर्षं गेली. दोघांचे केस पांढरे झाले. बायकांचं मात्र बोलणं चालू होतं, भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या, आणि दादा ते न दिसल्यासारखं करायचे.

मग एक दिवस बायकोने जेवायला वाढता वाढता सांगितलं, "भाऊजी जागा विकताहेत. त्यांच्या बाजूची. गिऱ्हाईक पक्कं झालंय. जाऊबाईंच्या माहेरच्या गावी जातात म्हणे कायमचे."

दादांचा घास हातातच राहिला. "जाऊ दे."

"मला म्हणाले, वहिनी, दादा एकदा माझ्याशी बोलला तरी मी थांबतो. चुकलो म्हणणार नाही, पण थांबतो."

"त्याला बोलायला काय धाड भरली आहे?"

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा," बायको म्हणाली. "रविवारी लाल कंपनीची नवी गाडी बघायला दोघंही जाणार. तिथे एक शब्द बोला. कसा आहेस, एवढंच विचारा. तेवढ्याने तुमचं इंजिन बंद पडणार नाही."

दादांनी ताट बाजूला सारलं. पण रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी नीट केली आणि आरशासमोर जरा जास्तच वेळ उभे राहिले. भावाने जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. मनापासून वाटत होतं. म्हातारपणी शेजारी कुणी परका येऊन राहणार, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

लाल कंपनीची नवी गाडी शोरूमच्या पटांगणात उभी होती. एका बाजूला लालवाले, दुसऱ्या बाजूला निळेवाले. निळेवाल्यांना घ्यायचं काहीच नव्हतं, ते नुसते नावं ठेवायला आले होते. धाकटा त्यांच्यात मागे उभा होता. दादांना दिसला. खांदे उतरले होते त्याचे. दादा दोन पावलं त्याच्याकडे गेलेसुद्धा. मग थांबले. म्हटलं, आधी इंजिन बघू. आपली गाडी कशी आहे ते चारचौघांत दिसू दे, मग मोठ्या मनाने बोलता येईल. घ्या! चांगलं काम करायलासुद्धा या माणसाला आधी उंच पाट लागत होता.

टाय लावलेल्या विक्रेत्याने बटण दाबलं. केबिन पुढे कलली, आणि लालवाल्यांच्या बाजूला चिडीचूप झालं. आत सहा सिलिंडर होते. एका ओळीत.

"नवे नियम आहेत, सर," विक्रेता म्हणाला. "धुराचे, डिझेलचे. व्ही-आठ आता बंद झालं."

"सहा तर सहा," दादा मोठ्याने म्हणाले. "आपल्या कंपनीचे सहा असतील ते. त्यांची गोष्ट वेगळी." आणि पुढे होऊन ते वाकले. इंजिनाच्या पुढच्या अंगावर हात फिरवला. तिथे पातळ झाकण होतं, आत गिअर बसतील अशी जागाच नव्हती. मग ते मागे गेले, फ्लायव्हीलच्या बाजूला. तिथे गिअरांचं ते जाडजूड आवरण होतं. ज्याच्यावर त्यांनी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं तेच, तसंच, फक्त लाल रंगवलेलं.

"हे कुणी बनवलंय?"

"भागीदारीत, सर."

"कुणाशी?"

विक्रेत्याने इकडेतिकडे पाहिलं. "निळ्या कंपनीशी. इंजिन त्यांचं. पण रंग आणि नाव आपलं आहे, सर."

निळेवाल्यांना हसू आवरेना. "दादा, तिकिटाची रांग तुमच्याच दारात आली की," एकजण ओरडला. दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"गप बसा रे," असं कुणीतरी खेकसलं. तो धाकटा होता. गर्दीतून वाट काढत तो दादांजवळ आला. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते टोचणारं नव्हतं, लहानपणी मार चुकला की हसायचा तसं होतं. हळूच म्हणाला, "दादा, बघ, आता तुझं-माझं एकच झालं. चल घरी. चहा घेऊ."

अरे माणसा, बोल ना. एवढंच तर हवं होतं तुला. तो चालत आला, त्याने हात ठेवला, घरी चल म्हणाला. पण धाकट्याच्या आवाजातली माया दादांपर्यंत पोचलीच नाही. मागचं हसू तेवढं ऐकू येत होतं. त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खांदा झटकला.

"तुझं आणि माझं कधी एक होणार नाही. जायचंय ना तुला? मग जा. आणि ते डबडं घेऊन जा."

धाकट्याचा हात तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खिशात घातला. "बरं," म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला. आता कुणीच हसत नव्हतं. विक्रेत्याने केबिन खाली घेतली.

दादा घरी आले तेव्हा बायको दारातच उभी होती. "बोललात का?"

"बोललो."

"काय बोललात?"

दादांनी सांगितलं. काही न लपवता सांगितलं, तेवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. मग पायरीवर बसले आणि बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाले, "माझं भांडण इंजिनाशी नव्हतंच गं. त्याने मला विचारलं नाही, एवढंच. दादा, निळी घेऊ का, असं एकदा विचारलं असतं तर मी शिव्या घातल्या असत्या आणि घे म्हटलं असतं."

"हे मला कशाला सांगता?" बायको म्हणाली. "ज्याला सांगायचं त्याच्या गाडीला डबडं म्हणून आलात."

ती आत गेली, जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन बाहेर आली आणि चपला घालायला लागली. "जाऊबाई एकटीच भांडी बांधतेय. मी तिकडे चालले."

दादांनी एक बूट काढून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मी येऊ का?"

"भाऊजींना विचारा," ती म्हणाली आणि गेली.

दादा उठले, एका पायात बूट नसताना तसेच धाकट्याच्या फाटकापर्यंत गेले. पलीकडे धाकटा गाडीत बिछाने चढवत होता. त्याने वर पाहिलं नाही. दादा फाटकाची कडी धरून उभे राहिले आणि तिथूनच मागे फिरले.