दोन्ही डिस्कना कुंकू

कीबोर्डवर एंटर दाबण्याआधी मी आजही दोन्ही हात मांडीवर ठेवते. ऑफिसात लोक हसतात, खुशाल हसोत. ही सवय थांबाबाईंची. त्यांचं खरं नाव रेगेबाई. परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे सगळे कॉम्प्युटर त्या एकट्या सांभाळत आणि माझी पहिली नोकरी त्यांच्या हाताखाली होती. मी कुठलीही कमांड टाइप केली की त्या म्हणत, "थांब. हात मांडीवर. आता वाच." प्रभादेवीहून त्या चालत येत आणि रस्ता पार मोकळा असला तरी सिग्नल लाल आहे म्हणून उभ्या राहत. मी लालबागची. मोकळा रस्ता दिसला की माझे पाय आपोआप पळतात. आमचं जमलं कसं, कोण जाणे.

त्यांचं दुसरं टुमणं कॉपीचं. लॅबचे रिपोर्ट आणि स्लाइडचे फोटो रोज संध्याकाळी बाहेरच्या एका डिस्कवर उतरायचे. ते नीट उतरले का हे तपासून एका जाडजूड रजिस्टरमध्ये नोंद करणं माझं काम. "झाली असं लिहू नकोस," बाई सांगत. "उघडून पाहिली असं लिहिता आलं पाहिजे." मी मान डोलवायची, 'झाली' लिहायची आणि साडेपाचला पसार व्हायची.

आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर जे लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवर, म्हणजे एक गेली तरी दुसरी काम चालवणार. त्या वर्षी नवरात्रात एक गेली. सात वर्षांचे बायॉप्सीचे रिपोर्ट उरलेल्या एका डिस्कवर आले. समोरच्या हॉस्पिटलातले डॉक्टर ज्या कागदांवरून पेशंटचे पुढचे उपचार ठरवत, ते सगळे. नवी डिस्क दसऱ्यानंतर मिळणार होती. कुठली डिस्क जिवंत हे तोवर कोणी विसरू नये म्हणून बाईंनी लॅबच्या देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं आणि तिच्यावर टिळा लावला. डावी-उजवी त्यांना मान्य नव्हतं. माणूस पुढून बघतोय की मागून यावर ते बदलतं, असं त्यांचं म्हणणं.

त्याच दिवशी मला कळलं की बाहेरची कॉपी दोन आठवड्यांपूर्वीच बंद पडली होती आणि मी रोज 'झाली' लिहीत होते. पण मी कोणाला सांगितलं नाही. नवी डिस्क बसली की कोणाला कळायचंही नाही, असा माझा हिशेब होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवी डिस्क आली आणि बाईंनी सर्व्हरचं पुढचं झाकण उघडलं. आत दोन्ही डिस्कवर ठसठशीत कुंकू! खंडेनवमीला लॅबचे शिपाई असलेल्या आमच्या सावंतमामांनी मायक्रोस्कोपपासून फ्रीजपर्यंत सगळ्यांची पूजा केली होती, त्यात डिस्कही छान पुसून घेतल्या होत्या. त्यांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "दोघांकय लायलंय. एकाक लावचां आणि दुसऱ्याक नाय, ह्यां बरां दिसता काय?"

मला पक्कं आठवत होतं की मेलेली ती डावी. ती ओढून काढायला मी हात पुढे केला.

"थांब," बाई म्हणाल्या. "हात मांडीवर. बाहेरची कॉपी काल उघडून पाहिलीस?"

हात मांडीवर असले की खोटं बोलणं कठीण जातं. मी सगळं सांगून टाकलं. बाई रागावतील, लॅबच्या डॉक्टरांना बोलावतील, मला घरी पाठवतील, असं वाटत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "बरं झालं आता सांगितलंस. मग आधी ते करू."

आम्ही जिवंत डिस्कवरचे तीन आठवड्यांचे रिपोर्ट बाहेरच्या डिस्कवर उतरवायला घेतले. कॉपी सुरू झाली तशी सर्व्हरमधून बारीक कटकट ऐकू यायला लागली. बाईंचे डोळे एकदम चमकले. त्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि स्टेथोस्कोप घेऊन आल्या. मागोमाग डॉक्टरही आले, कारण कित्येक वर्षांत कोणी त्यांच्याकडे स्टेथोस्कोप मागितला नव्हता. त्यांनी तो स्वतःच कानाला लावला, एकेका डिस्कवर टेकवला आणि निदान सांगितलं. डावी कामात आहे, उजवी नुसतीच घरघरतेय. म्हणजे मी जिवंतच उपटायला निघाले होते!

कॉपी संपली. बाईंनी मला त्यातले चार रिपोर्ट उघडून दाखवायला लावले, मगच उजवी डिस्क बाहेर ओढली. तिच्या पोटावरचा, बाहेर काढल्यावरच दिसणारा नंबर त्यांनी डिस्क गेली त्या दिवशी स्क्रीनवरून कागदावर उतरवून ठेवलेल्या मेलेल्या डिस्कच्या नंबराशी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. जुळला. नवी डिस्क आत गेली. मी कमांड टाइप केली आणि हात मांडीवर घेतले.

"कुठून?"

"जुन्या डावीवरून."

"कुठे?"

"नवीवर."

"दाब."

पुढचे साडेतीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. स्क्रीनवर टक्के चढत होते आणि लॅबमधला प्रत्येक माणूस येता-जाता मॅचचा स्कोअर विचारावा तसा विचारत होता. सावंतमामांनी दोनदा देव्हाऱ्यापुढे अगरबत्ती लावली. बाई जेवायलाही उठल्या नाहीत. दोन डिस्कसाठी स्क्रीनवर दोन 'यू' दिसतात. मेलेल्या डिस्कच्या जागी इतके दिवस नुसती एक रेघ होती. तीन वाजून गेल्यावर त्या रेघेचा 'यू' झाला आणि मी खुर्चीवरून उडीच मारली. मामांना गरागरा फिरवलं. बाईंनी मला थांबवून आधी एक जुना रिपोर्ट उघडायला लावला. तो उघडला. मग त्यांनी स्वतःहून टाळीसाठी हात पुढे केला. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, बहिणीकडे वेंगुर्ल्याला राहायला निघाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी आपल्या कपाटातलं जुनं, भरलेलं रजिस्टर माझ्या हातात ठेवलं आणि जिना उतरल्या. मी सहज मागची पानं चाळली. दसऱ्यानंतरच्या त्या दिवसाखाली त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'बाहेरची कॉपी तीन आठवडे बंद. मी लक्ष ठेवलं नाही, चूक माझी. मुलीने वेळेत सांगितलं म्हणून वाचलो.'

मी चपला न घालताच खाली धावले. वाटलं, गेल्या. पण सिग्नल लाल होता, रस्ता पार मोकळा होता आणि बाई उभ्या होत्या.

"बाई, चूक माझी होती," मी धापा टाकत म्हटलं.

"माहितेय. आजची नोंद केलीस?"

"नाही अजून."

"मग वर जा."

सिग्नल हिरवा झाला. त्या पलीकडच्या फुटपाथवर पोहोचेपर्यंत मी पाहत राहिले. मग वर आले, कॉपी उघडली, पाच रिपोर्ट शेवटपर्यंत वाचले आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: उघडून पाहिली.